चिमणमामाचा जिनोवाचा डाव

माझ्या चिमणमामाला डहाणूतले लोक भविष्यवाला म्हणत, आणि ते आठवलं की माझं डोकं अजून तापतं. त्याने जन्मात कुणाचं भविष्य सांगितलं नाही. त्याला फक्त पत्ते खेळायचे होते. चार माणसं, एक चटई आणि एक पुरा डाव, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं. पण मासे मारणाऱ्या आमच्या अख्ख्या मांगेलआळीने ते त्याला सुखासुखी मिळू दिलं नाही. त्यात त्याची सख्खी बहीण, म्हणजे माझी आई जानी, सगळ्यांच्या पुढे.

मामा आगबोटीवर आगवाला होता. बोटीच्या पोटात बसून भट्टीत कोळसा लोटायचा, हे त्याचं काम. आमच्या खाडीवरचे पुरुष होडीवर जातात, आणि शीड दिसेनासं झालं तरी घरच्या बाईला अंदाज असतो की आपला माणूस आता कुठल्या वाऱ्यावर असेल. मामा मात्र अशा समुद्रांवर गेला की त्यांची नावंही आम्हाला नीट घेता येत नव्हती. इटलीतल्या जिनोवा बंदरात एक साखळी निसटली आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चेंगरला. बोट त्याला तिथल्या इस्पितळात ठेवून पुढे निघून गेली. पायाचं हाड जुळेपर्यंत तो खलाशांच्या एका धर्मशाळेत राहिला. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराचं नाव बाचिचा.

बाचिचा आणि त्याचे तीन दोस्त रोज संध्याकाळी एका टेबलाशी पत्ते खेळत. चौघांतला एक जण हिवाळ्यात वारला. दोन दिवस ती खुर्ची रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशी बाचिचाने मामाला कुबडीसकट उचलून तिच्यावर बसवला. भाषा एकमेकांची कुणाला येत नव्हती. पण जो चुकला त्याला शिव्या आणि जो जिंकला त्याच्या पाठीवर थाप, एवढ्या दोन गोष्टींवर माणूस काय वाटेल ते शिकतो. मामा शिकला. निघताना त्या मेलेल्या गड्याचा पत्त्यांचा जोड बाचिचाने त्याच्या पेटीत घातला. त्रेपन्न साली मामा घरी आला तो एक काठी, एक पत्र्याची पेटी आणि हा जोड घेऊन.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. मामाने ओटीवर चटई टाकली आणि एकेक पान उघडं करून मांडायला लागला. मी तोवर बदाम, इस्पिक, किलवर, चौकट पाहिले होते. हे पत्ते हाताच्या पंजापेक्षा लांब, कडा झिजून केसाळ झालेल्या, तंबाखूचा वास मारणारे. यांच्यात रंग चार, पण बदाम नाही की इस्पिक नाही. एकात पेले, दुसऱ्यात तलवारी, तिसऱ्यात मोहरा आणि चौथ्यात सोटे. इथवर ठीक. पण मग मामाने निराळी पानं काढली. त्यांना रंग नव्हता. ती कायमची हुकुमाची. प्रत्येकावर एक चित्र आणि त्याचा आकडा. लाल, निळ्या, पिवळ्या रंगात ठसे उठवलेली माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला आठवतं, मी चटईवरून पाय आत ओढून घेतले होते.

"ही मिरवणूक हाय," मामा म्हणाला. "बाचिचानं सांगितलं. तिकडं पूर्वी राजांच्या मिरवणुका निघायच्या. येक रथ गेला की मागून त्याच्याहून भारी रथ यायचा. मागला पुढल्याला हरवायचा. तशी ही पानं."

पहिला गारुडी, समोर फळी मांडून हातचलाखी करणारा. त्याच्यावर राणी, राणीवर राजा, राजावर त्यांचा धर्मगुरू. धर्मगुरूवर प्रेमात पडलेलं पोरगं. हे ऐकून आई आतून फिसकन हसली. मग रथ, मग कंदील घेतलेला म्हातारा, मग फिरतं चाक, मधली दोन-तीन आता आठवत नाहीत, आणि पुढे दोन खांबांच्या मधे आडव्या काठीला एका पायाने टांगलेला एक माणूस. त्याच्यापुढे तेरावं पान. हाडांचा सापळा, हातात लांब दांड्याचा विळा, आणि पायाशी कापून पडलेली मुंडकी. त्यातल्या एका मुंडक्यावर मुकुट होता.

"झालं, संपली मिरवणूक," मी म्हणाले.

"संपली कुठं? हा तेरावाच हाय. ह्याच्यावर आजून आठ हायत."

आणि त्याने ती आठ मांडली. एका घागरीतून दुसरीत पाणी ओतणारी बाई, मग सैतान, मग वीज पडून कोसळणारा मनोरा, मग चांदणी, चंद्र, सूर्य, उठलेली मढी, आणि शेवटी अख्खं जग. ही सगळी मरणाला मारणारी पानं! ज्याने कुणी हा खेळ काढला, त्याने रिकामटेकड्यांच्या डावात मरणाला तेरावं बसवलं आणि त्याच्या डोक्यावर पाण्याच्या घागरी आणि चांदणी ठेवली. मी पुढे पुष्कळ पोथ्या ऐकल्या, कीर्तनं ऐकली, पण छातीत असं लकन् काही हललं ते त्या दिवशीच.

एक पान मात्र मिरवणुकीच्या बाहेरचं. त्याला आकडाच नाही. खांद्यावर गाठोडं टाकून चाललेला एक वेडा, मागून कुत्रं त्याची विजार फाडतंय. "हा कोणाला मारत नाय आणि ह्याला कोणी मारत नाय," मामा म्हणाला. "टाकायचा, दाखवायचा आणि परत आपल्याकडं घ्यायचा." मला तो फार आवडला. आमच्या आळीत असे दोघे-तिघे होते, पण त्यांना परत घ्यायला कुणी तयार नसे.

आता हे इतकं सुंदर प्रकरण घरात आल्यावर चार माणसं खेळायला जमायला काय हरकत होती? जमली नाहीत. घोड्याने पेंड खाल्ली ती देवजीपाशी. देवजी आमचा शेजारी. मामा त्याला खेळ शिकवायला बसला आणि देवजीने पहिलंच पान उचललं ते टांगलेल्या माणसाचं. आता इटलीतला शहाणा माणूस म्हणेल की हा शिक्षा म्हणून उलटा टांगलेला फितूर. देवजीने काय पाहिलं? दोन खांब, वर आडवी काठी, मधे लोंबणारा एक जण. म्हणजे बोंबील वाळत घातलेली वलांडी! बोंबील तोंडाने अडकवतात आणि ह्याचं डोकं खाली होतं खरं, पण ती चूक त्या परक्या चिताऱ्याची, त्याने बोंबील कधी पाहिले असणार? दुसऱ्या दिवशी देवजीच्या डोलीत, म्हणजे समुद्रात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, इतके बोंबील सापडले की होडी काठोकाठ भरून आली. झालं. त्या दिवसापासून समुद्रावर निघालेला माणूस आमच्या ओटीवर यायचा आणि एक पान उचलायचा. टांगलेला निघाला की नाचत जायचा.

चंद्राचं पानही लोकांनी असंच आपलं करून टाकलं. त्यात वर चंद्र, खाली पाणी, आणि पाण्यातून वर चढणारी, मोठ्या कोळंबीच्या जातीची ठसठशीत शेवंड. "बघा, पुनवेचं उधाण काढलंय, शेवंड वर आलीय," असं आळीतलं शेंबडं पोरही सांगायचं. मामा डोक्याला हात लावायचा. "आरं, हे भविष्य नाय, हे आठरावं पान हाय! सतरावर पडतं!" कोण ऐकतो? लोक जाताना अंडं ठेवायचे, कधी ताजी कोलंबी ठेवायचे, आणि आई ते पदराखाली झाकून आत न्यायची. मामा चिडला की म्हणायची, "तू कशाला बोलतंस? तू गप बसलास तरी त्यांला कळतंय." भावाच्या अंगात दैवी काही आहे यापेक्षा घरात कालवण आहे, हे तिला जास्त पटायचं. मी तिला दोष देत नाही. पण मामाचा डाव मांडला जायचा राहिला तो राहिलाच.

खेळ म्हणून त्या पानांकडे पाहणारी एकच बाई भेटली, ती शुक्री. रानशेतच्या वारली पाड्यावरची. ती लाकडाची मोळी घेऊन यायची आणि सुकी मासळी घेऊन जायची. दिवाळीनंतर तलासरीच्या बाजूला व्यापाऱ्यांच्या वखारींवर गवत कापायला जायची आणि तिथून परतताना आमच्याकडे एक दिवस टेकायची. मामाने तिला सापळा दाखवला तेव्हा ती जराही घाबरली नाही. "हा गवत कापतोय," म्हणाली. "कोणाच्या वखारीवर?" मग थोडा वेळ बघून म्हणाली, "कापू दे. गवत पुन्हा येते."

पण शेवटचं पान, जगाचं, पुढे आलं तेव्हा शुक्री एकदम उठून उभी राहिली. त्यात पानांच्या माळेच्या आत एक बाई उभी आहे, आणि चारी कोपऱ्यांत चार जण राखण बसले आहेत. शुक्रीने हात जोडले. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकाच्या आत देवी. सवाशिणी तो काढतात, आणि तो काढून झाल्याशिवाय लग्न लागत नाही. "ही आमच्या चौकातली," शुक्री म्हणाली. "तिकडंही लग्नात काढतात काय हिला?"

मामा गोंधळला. मग हळूच म्हणाला, "बाचिचा सांगायचा की पयले हे पत्ते सोन्याचा वर्ख लावून राजाच्या लग्नात नजराणा द्यायचे."

"मग तीच," शुक्री म्हणाली आणि बसली. कुठे जिनोवा, कुठे रानशेत. मला तर त्या क्षणी चटईवरून वर बघायची भीती वाटली, की आपण किती मोठ्या गोष्टीशेजारी मांडी घालून बसलो आहोत. शुक्रीला तसं काही वाटलं नसावं. तिने "शिकव" म्हटलं आणि ती खेळ शिकली. मीही शिकले होते. पण तीन माणसांत तो डाव रंगत नाही, आणि चौथं माणूस काही मिळेना.

एकोणसाठ साली कार्तिकात, अष्टमी-नवमीच्या सुमारास, अवकाळी वादळ झालं. सगळ्या होड्या कशाबशा खाडीत परतल्या, आमच्या आळीतल्या सोनीबाईची तेवढी परतली नाही. तिच्यावर तिचे दोन्ही मुलगे होते, भिकू आणि धाकटा काळू. काळूचं लग्न व्हायचं होतं. भिकूची बायको शांती, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आम्ही एकत्र खेळलेल्या. गावातल्या होड्या शोधायला गेल्या, उत्तरेला, दक्षिणेला, आणि हात हलवत आल्या. तेव्हा आळीतल्या जाणत्यांनी बसून ठरवलं की पुनवेच्या दुपारच्या भरतीपर्यंत वाट पाहायची. ते पाणी ओसरायला लागलं की शांतीच्या बांगड्या फोडायच्या आणि पुढचे विधी करायचे.

पुनवेचा दिवस उजाडला. शुक्री आदल्या संध्याकाळपासून आमच्याकडेच होती. न्याहारीच्या वेळी ओटीवर गलका झाला. बघते तर आळीतल्या बायका शांतीला दंडाला धरून घेऊन आलेल्या, आणि पुढे सोनीबाई. तिच्याकडे बघवत नव्हतं. दोन्ही पोरं गेलेली बाई, डोळे कोरडे ठणठणीत.

"चिमण, पान काढ," ती म्हणाली. "हाय की नाय ते सांग. माझ्याच्यानं आता दुपारपत्तूर धीर निघत नाय."

"सोनीकाकी, हे सांगत नाय गो काही. खेळ हाय तो."

"सगळ्यांना सांगतो आणि माझ्या पोरांचं सांगत नाय?"

आणि मामा काही बोलायच्या आत तिने कोनाड्यातला जोड ओढला, मधूनच एक पान उपसलं आणि चटईवर उताणं टाकलं. सापळा.

एकदम आकांत उठला. आमच्या आळीत त्या पानाचा अर्थ लहान पोरालाही सांगावा लागत नव्हता. कुणी ऊर बडवायला लागलं, कुणी भिकूचं नाव घेऊन हाक मारायला लागलं. शांती आवाजच करत नव्हती, ती भिंतीला टेकून नुसती खाली खाली घसरत गेली. सोनीबाईने तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने पाट्यावरचा वरवंटा उचलला. तिला शांतीशी वैर नव्हतं. तिला फक्त ते वाट बघणं संपवायचं होतं, मला आज ते कळतं.

त्या वेळी मामाने काठी ओटीवर अशी आपटली की सगळ्या गप्प झाल्या.

"सोनीकाकी! पान कोणी टाकलं?"

"मी टाकलं."

"मग ही तुझी उतारी झाली. आजून तिघांची पानं पडायची हायत. हात पुरा झाल्याबिगर कोणी उठायचं नाय."

"डोकं फिरलं काय तुझं?" माझी आई ओरडली.

मामाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो सोनीबाईकडेच बघत होता. "काकी, तुझा दादला तांडेल होता. डोल अर्धी ओढून कधी सोडली त्यानं? मुशी घुसून जाळं फाटलं तरी सोडली?"

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, पण बाकीचं बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्यात टाकलेली डोल अर्धी ओढून सोडत नाहीत. आत मासळी असो, गाळ असो, मढं असो, पूर्ण वर घेतात आणि मग काय ते बघतात. अर्धी सोडणं म्हणजे समुद्राला पाठ दाखवणं. सोनीबाईचा हात खाली आला. ती चटईवर बसली. बसली म्हणजे पडलीच.

मामाने पानं पिसली. सापळा तसाच चटईवर ठेवून बाकीची त्याने सारखी वाटली. सोनीबाई, शुक्री, मी आणि शांती. शांतीला आईने आणून बसवलं आणि तिच्या हातात पानं कोंबली. उरलेल्या बायका ओटीच्या कडेने दाटीवाटीने उभ्या राहिल्या. खाडीत पाणी चढत होतं, ते ओटीवरून दिसत होतं.

"उतारी तेराव्याची हाय," मामा म्हणाला. "मोठं पान असलं तर मोठं टाका, नसलं तर हुकुमातलं जे हाय ते टाका. शुक्री."

शुक्रीच्या हातात नशिबाने हुकुमाचं एकच पान होतं, राजाचं. तिने ते टाकलं. राजा मेला. बायकांतून कुणीतरी सुस्कारा सोडला.

माझ्याकडे वेडा होता. मोठी पानंही होती. पण त्या वेळी सापळ्याला मारायची माझी छाती झाली नाही, खरं सांगते. मी वेड्याला टाकला, दाखवला आणि नियमाप्रमाणे परत घेतला.

मग शांती. तिने नियम ऐकलेच नव्हते, आकडे तिला वाचता येत नव्हते. ती एकेक पान बाजूला सारत राहिली. बराच वेळ गेला. मग एका पानावर तिचं बोट थांबलं. तिने ते ओढून काढलं आणि सापळ्याच्या बरोबर वर ठेवलं. पाणी, पाण्यातून चढणारी शेवंड, वर पुरा चंद्र.

"आज उधाण हाय," ती म्हणाली. वादळापासून तिच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द होते. "आज पाणी आष्टमीसारखं नाय. आज मोठं पाणी हाय."

"आठरावं," मामा म्हणाला. "आठरावं तेराव्यावर. हात तुझा झाला, शांती. उचल ते."

तिने चारातलं उरलेलं सगळं गोळा केलं. सापळा तिच्या ढिगात गेला, राजाखाली दबून.

"आता उतारी तुझी."

आणि डाव सुरू झाला. चिमणमामाने सहा वर्षं ज्याची वाट पाहिली, तो पुरा चौघींचा डाव आमच्या ओटीवर अशा दिवशी खेळला गेला. सुरुवातीला पानं पडत होती ती मढ्यावरच्या फुलांसारखी. मग शुक्रीने सोनीबाईची तलवारीची राणी मारली, आणि सोनीबाई एकदम म्हणाली, "ही माझी कशी गेली?" मामाने समजावलं. पुढच्या हाताला सोनीबाईने कोसळता मनोरा टाकून शुक्रीचं मोठं पान घेतलं आणि तोंड घट्ट मिटून ढीग आपल्याकडे ओढला. कडेच्या बायका आता वाकून बघत होत्या. कुणीतरी शांतीला मागून सांगत होतं, "ते नको टाकू, ते ठेव." जगात असंही असतं. पोटची पोरं पाण्यात, आणि बाई मोहरांच्या राजासाठी भांडते आहे, आणि ते भांडण चाललंय तोवर तिच्या सुनेच्या हातात बांगड्या आहेत. मला रडू येत होतं आणि पत्ते दिसत नव्हते.

पाणी पुरं चढलं. बंदरावरची तिरपी सावली पायाखाली आली. जाणते पुरुष हळूहळू अंगणात जमले आणि उभे राहिले. मामाने त्यांना काठीनेच थांबवलं. "डाव पुरा व्हायचाय." प्रत्येकीच्या हातात चार-पाच पानं उरली असतील, तेव्हा खाडीच्या तोंडाकडून पोरांची ओरड ऐकू आली.

"शीड नाय! पण होडी हाय! होडी हाय!"

शांती केव्हा उठली ते मला कळलं नाही. मी धावत पोचले तेव्हा ती कमरेइतक्या पाण्यात होती, आणि पत्ते तिच्या मुठीत तसेच होते. डोलकाठी मोडलेली, सुकाणू नाही, दोन माणसं दोन वल्ह्यांवर. भिकू आणि काळू. ओठ मिठाने फाटलेले. भिकूने तिला ओळखलं, पण तिच्या हातात काय आहे ते त्याला समजेना, तो तिकडेच बघत राहिला.

मी परत आले तेव्हा सोनीबाई चटईवरच होती. ओठ हलत होते. मी वाकून ऐकलं तर म्हणत होती, "माझं पान टाकायचं ऱ्हायलंय. माझं पान टाकायचं ऱ्हायलंय." मामाने तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं आणि दोघं तशीच बसून राहिली.

भिकूने पुढे सांगितलं ते साधं होतं. वादळाच्या फुगलेल्या पाण्याने होडीला उचलून उत्तरेकडच्या एका खडकाच्या पाठीवर नेऊन बसवलं. पुढचे दिवस भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराचं कमी चढणारं पाणी, होडीच्या तळालाही पोचेना. पाटीतली सुकी मासळी आणि पिंपातलं पाणी पुरवून पुरवून दोघं बसून राहिले. पुनवेच्या आदल्या रात्रीच्या उधाणाने होडी सुटली आणि दुपारच्या उधाणाने खाडीत आली. शांती मांगेलाची लेक, तिला पाणी कळत होतं. म्हणून तिने चंद्र टाकला, यात चमत्कार काही नाही. हे मी इतक्या वर्षांत स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे. तरी ते पान सापळ्यावर पडताना आठवलं की अंगावर काटा येतो, तो येतोच. त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी मामाने सकाळीच दाढी केली. धुतलेला सदरा घातला. ओलसर झालेली पानं त्याने रात्रभर चुलीजवळ वाळवली होती. ओटी झाडून चटई टाकली, पानं पिसली आणि वाट बघत बसला. "आता चौघी शिकल्या," मला म्हणाला. "आता रोज डाव पडंल." इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. लहान पोरासारखा दारातून डोकावून बघायचा.

आल्या. अख्खी आळीच आली. नारळ, हार, हळद-कुंकवाचं ताट. पुढे सोनीबाई आणि भरल्या हातांची शांती. मामा म्हणाला, "ये गो, बस. काल तुझी उतारी ऱ्हायली." शांती बसली नाही. तिने चटईसमोर डोकं टेकवलं. मग पानांतून चंद्र शोधून काढला, ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि चंद्राच्या कपाळाला लावलं. मग सापळ्यालाही लावलं. सोनीबाईने त्यावर हळद वाहिली, आणि तिच्यामागून एकेक बाई.

मामाने चंद्राचं पान उचलून उलटं केलं. कुंकू पाठीमागे उतरलं होतं. लाल ठिपका स्पष्ट दिसत होता. पाठीवर खूण असलेल्या पानाने जगात कुणी खेळू शकत नाही, हे पत्ते खेळणाऱ्याला सांगायला नको. मी भडकले. शांतीला म्हणाले, "अगं काय केलंस हे, डावाचा सत्यानाश केलास!" मामाने हात वर करून मला गप्प केलं. तो शांतीच्या मनगटांकडे बघत होता. मग त्याने पानं गोळा केली आणि जोड तिच्याच हातात दिला. तो त्यांच्या देव्हाऱ्यात गेला, सोनीबाईच्या कुलदेवीशेजारी. त्यानंतर मामा पत्ते खेळला नाही. ओटीवर बसायचा, जाळी विणायचा, आणि कुणी भविष्यवाला म्हणून हाक मारली तर ओ द्यायचा.

पुढे माझं लग्न झालं, मी मुंबईला गेले. तिथे एका वाचनालयात मला या पत्त्यांचा इतिहास सापडला आणि मी तो अधाशासारखा वाचला. पेले, तलवारी, मोहरा हे रंग म्हणे मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, व्यापाऱ्यांबरोबर इटलीत आले. चौथा रंग घोड्यावरून चेंडू मारायच्या काठ्यांचा होता, पण इटलीवाल्यांना तो खेळ ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी त्याचे सोटे केले. म्हणजे देवजीच्या बोंबलांना जुनी परंपरा होती! चित्रांची हुकमी पानं इटलीत जोडली गेली. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफेच्या गोल पत्त्यांवर दशावतार रंगवतात, तसाच खेळायचा प्रकार. तीनशेक वर्षं लोक ते नुसते खेळत होते. मग फ्रान्समधल्या कुणा विद्वानाने जाहीर केलं की हे मिसरच्या प्राचीन पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान आहे, आणि तिथून भविष्य सांगणं बोकाळलं.

मी हे घेऊन तडक डहाणूला आले. सहासष्ट साल. मामा थकला होता, खाटेवर पडून होता. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "मामा, तूच खरा होतास. खेळच होता तो. कुणा दीडशहाण्या विद्वानाने थाप मारली आणि सगळ्यांनी तिची पोथी केली."

मामाने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझा हात धरून म्हणाला, "इद्वान-बिद्वान कोण नसंल गो मैना. तिकडं बी कोणा बायचा दादला समुद्रातून जिता परत आला असंल. मग ती खेळायला कशी बसंल?"